आमच्या हॉलमधला फुकटचा सर्व्हर

"आमची सून लय समजदार आहे. काई बोलतच नाई!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात खाटेवर बसून वरोऱ्याच्या काकांशी फोनवर बोलत होते आणि मी दाराच्या आत तांदूळ निवडत होते. लग्नाला दोन महिने झाले होते. पुढचंही ऐकू आलं. "अन् दुपारी घरीच तं राहाते. मशीन तिच्याच भरोशावर ठेवून देऊ."

न बोलण्याचा एक फायदा असतो. बोलणाऱ्यांचे किस्से सांगून सांगून खर्च होतात, गप्प माणसाकडे ते नुसते साठत जातात. माझ्याकडे आता इतके झालेत की सावली गावातल्या या घरात ठेवायला जागा नाही. त्यात हॉलची अर्धी जागा त्या मशीननं घेतलेली. म्हणून थोडे इथे रिकामे करते.

*

आधी मशीनची ओळख करून देते. मामाजी शाळामास्तर होते. गावची नाटकं, शाळेची गॅदरिंगं, जयंतीचे कार्यक्रम, नात्यातली यच्चयावत लग्नं, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं रेकॉर्ड करून ठेवलं. माझ्या नवऱ्यानं, प्रशांतनं, ते एका जुन्या कॉम्प्युटरवर चढवलं आणि त्यावर एक परदेशी सॉफ्टवेअर टाकलं. त्यामुळे हे सगळं घरच्या टीव्हीवर दिसायचं, शिवाय एटापल्लीला दिलेल्या नणंदेच्या, मायाच्या मोबाईलवर आणि वरोऱ्याच्या काकांच्याही. याला मीडिया सर्व्हर म्हणतात. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्याला "डब्बा" म्हणतात.

एके दिवशी कंपनीचा मेल आला. बाहेरगावाहून बघणं आजवर फुकट होतं. आता दर महिन्याला पैसे, नाहीतर लाइफटाइम पास घ्या. आणि पासची किंमत त्याच मेलमध्ये चढवलेली!

"का म्हणते तो?" मामाजींनी विचारलं.

"कळवताना आनंद होत आहे म्हणते," प्रशांत वाचत म्हणाला.

"आनंद त्याले होऊन राह्यला, तं पैसे मी काऊन देऊ?"

मग त्यांनी चष्मा लावला आणि मेल स्वतः वाचला. "लाइफटाइम म्हणजे कोणाची रे? माह्यी का कंपनीची?"

प्रशांत खरं बोलला. "कंपनीची, बाबा."

"नाटक आपलं, पोरगी आपली, डब्बा आपला. अन् मधात हा कोण?"

मुद्दा बिनतोड होता. तेव्हा प्रशांतनं हळूच सांगितलं, "एक दुसरं सॉफ्टवेअर आहे बाबा. पुरं फुकट. अर्ध्या तासाचं काम."

आमच्या घरात ‘फुकट’ हा शब्द आला की चर्चा संपते!

*

तो अर्धा तास तीन रविवार चालला.

जुन्या कॉम्प्युटरला हे फुकटचं सॉफ्टवेअर झेपेना, म्हणून दुसरा आणला. दुसऱ्याला डिस्क पुरेना, म्हणून डिस्क आणली. लाइन गेली की डिस्क रुसायची, म्हणून बॅटरी आणली. दर वेळी नवीन खोकं घरात शिरलं की मामाजी म्हणायचे, "पण सॉफ्टवेअर फुकट आहे हं!"

एप्रिल लागला. आमच्याकडचा एप्रिल काय असतो ते वेगळं सांगत नाही. भर दुपारी मशीन तापून बंद पडायला लागलं. प्रशांतनं त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहिला आणि संध्याकाळी आमच्या खोलीतला कूलर, जो माझ्या बाबांनी लग्नात दिला होता, हॉलमध्ये नेऊन त्याच्यासमोर लावला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताबाई आल्या. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर फुल, मामाजी दबक्या आवाजात बोलताहेत. त्या दारातच थबकल्या.

"कोण बिमार आहे व?"

आईंनी डब्ब्याकडे बोट केलं. "हा."

शेवंताबाईंनी नीट पाहून घेतलं. जाताना मला हळूच म्हणाल्या, "लिंबूपाणी देत जा."

*

आता माझं सांगते, म्हणजे बाकीचं समजेल.

मला बघायला आले तेव्हा मी सांगितलं होतं की परीक्षा द्यायची आहे, तलाठ्याची. मामाजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरगी शिकलेली आहे. घरी बसवाची नाई." खरं सांगायचं तर होकार त्या वाक्याला दिला होता. प्रशांतचा नंबर दुसरा.

बसस्टँडमागे एक अभ्यासिका आहे. पंखा, ट्यूबलाइट, ओळीनं खुर्च्या, आणि भिंतीवर ‘मोबाईल बाहेर ठेवा’. बारा ते चार या वेळेची एक खुर्ची माझ्या नावानं ठरली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी लाइन गेली, बॅटरी उतरली, डब्बा बंद. लाइन आल्यावर बटण दाबायला कुणीतरी लागणार. प्रशांत मूल गावी पतसंस्थेत नोकरीला. मामाजी दुपारी झोपतात. आई बटणाला भितात.

"आठ दिवस थांब," प्रशांत म्हणाला. "हे एकदा बसलं का मंग जाशील."

ते काही बसलं नाही. मी बसले!

*

या सॉफ्टवेअरला एक हौस आहे. फाइलचं नाव वाचून ते इंटरनेटवर त्या नावाचा सिनेमा शोधतं आणि त्याचं पोस्टर, गोष्ट, मिळालेले गुण, सगळं आपणहून चिकटवतं. आमच्याकडे सिनेमे पाच-सहा, बाकी सगळी नात्यातली माणसं. पण त्याला काय माहीत!

नणंदेच्या लग्नाच्या फाइलचं नाव नुसतं ‘माया’ होतं. सकाळीच एटापल्लीहून फोन.

"वहिनी, माह्या लग्नाच्या जागी हे चेटकीण काऊन दिसून राह्यली? केस मोकळे, डोळे लाल! अन् खाली लिहून आहे, लहान पोराईनं पाहू नये!"

मी म्हटलं, "बदलते."

मागून तिच्या सासूचा आवाज आला. "राहू दे म्हणा. फोटो बरोबर आहे."

मामाजींचं उलट झालं. त्यांनी एका नाटकात पोलीस पाटलाचं काम केलं होतं. त्या फाइलवर कुठल्याशा परदेशी सिनेमाचं पोस्टर येऊन बसलं, घोड्यावर एक गोरा माणूस, आणि कोपऱ्यात दहापैकी आठ गुण. मामाजींनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं.

"बाहेरच्या देशातून आठ देले! दहापैकी!"

"बाबा, ते तुमचे..." प्रशांतनं तोंड उघडलं. आईंनी त्याचा हात दाबला.

जन्मभर पोरांना सहाच्या वर गुण न दिलेला माणूस. त्याला आठ मिळाले तर काढून कोण घेणार! मी ते पोस्टर अजून बदललेलं नाही. मामाजी आल्यागेल्याला दाखवतात. कुणी घोड्यावरच्या माणसाकडे संशयानं पाहिलंच, तर म्हणतात, "तेव्हा मेकअप लय केला होता."

*

लॉगिनच्या पानावर प्रशांतनं एक ओळ टाकली. ‘अडचण आल्यास संपर्क करा.’ खाली नंबर. अगदी कंपनीसारखं! फक्त नंबर माझा होता, आणि हे मला पहिला फोन आल्यावर कळलं.

काकांचा फोन रोज दीड वाजता येतो.

"सूनबाई, जयभीम. जेवली का?"

"जयभीम काका. हो."

"माहा पासवर्ड का होता व?"

काकांचा पासवर्ड म्हणजे काकांचंच नाव. मी सांगते. ते क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "वा! चांगला आहे." आपलंच नाव ऐकून त्यांना रोज नव्यानं आनंद होतो.

पैसे मागणाऱ्या त्या कंपनीनं मला कधी ‘जेवली का’ म्हणून विचारलं नव्हतं, एवढं मात्र मी फुकटवाल्यांच्या बाजूनं कबूल करते.

काकांनंतर माया. "वहिनी, गोल गोल फिरून राह्यलं, पुढं जातच नाई." तिच्याकडे नेटवर्कच नसतं, त्याला डब्बा काय करणार? पण फिरणं थांबेपर्यंत मी फोन धरून बसायचं. भूगोलाचं पुस्तक समोर उघडं असतं. महाराष्ट्रातल्या नद्या. मी महिनाभर वैनगंगेवरच आहे, पुढची नदी येतच नाही.

*

एका शुक्रवारी प्रशांतनं मूलला निघता निघता ‘अपडेट’चं बटण दाबलं. दहा वाजता मामाजींनी टीव्ही लावला, तर पडदा कोरा. नाटकं नाहीत, लग्नं नाहीत, आठ गुण नाहीत. मामाजी खुर्चीत बसले ते उठेनात. आईंनी त्यांना चहा दिला, तोही गार झाला.

"घाबरू नका," प्रशांत फोनवर म्हणाला. "मी पाहातो."

"मूलवरून का पाहाशील?" मामाजी ओरडले. "दुर्बीण आहे का तुह्याजवळ?"

हे सॉफ्टवेअर वापरणारी जगभरची माणसं एका ठिकाणी एकमेकांना मदत करतात. तिथे मी मोडक्या इंग्रजीत अडचण लिहिली. दूरच्या कुठल्या तरी देशातल्या माणसानं दहा मिनिटांत उत्तर दिलं. ओळख ना पाळख. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलं?’ या सगळ्या प्रकरणात मला हे विचारणारा तो पहिला माणूस!

दुसरा प्रश्न होता, ‘बॅकअप घेतला होता का?’

"बॅकअप म्हणजे का?" मामाजींनी विचारलं.

आई म्हणाल्या, "प्रशांतनं जे घेतलं नाई, ते."

सुदैवानं फाइली शाबूत होत्या, फक्त यादी पुसली होती. म्हणजे शेकड्यांनी नावं, फोटो, पोस्टरं पुन्हा लावायची. माया पुन्हा चेटकीण झाली होती. दोन आठवड्यांच्या दुपारी गेल्या. शेवटचं लग्न जागेवर बसलं त्या संध्याकाळी प्रशांत टीव्हीसमोर पाय पसरून म्हणाला, "पाहा, झालं नं? फुकटात!"

त्याच रात्री अभ्यासिकेच्या दादांचा मेसेज आला. ‘मॅडम, तुमची खुर्ची तीन महिने रिकामी आहे. परीक्षेमुळे गर्दी वाढली आहे. सोमवारी आलात तर ठीक, नाहीतर दुसऱ्याला देतो.’

मी उत्तर दिलं नाही. गप्प राहण्याची सवय बोटांनाही लागते.

*

रविवारी काका आणि काकू वरोऱ्याहून आले. काकांनाही तसाच डब्बा बसवायचा होता. शर्टाच्या खिशात पेन, हातात वही.

"एक पैसा नाई देला?" काकांनी विचारलं.

"एक पैसा नाई!" मामाजी म्हणाले. त्यांना जरा ओरडूनच बोलावं लागत होतं, कारण कूलरचा आवाज होता.

"वा बापा! कंपनीले चांगली जिरवली. सांग प्रशांत, का का लागते? मी लिहून घेतो."

प्रशांत ऐटीत सांगायला लागला. "एक कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटर, एक." काका लिहीत होते.

"एक मोठी डिस्क. एक बॅटरी. इंटरनेट."

"अन्?"

"उन्हाळ्यात कूलर."

"कूलर, एक. अन्?"

"बस्स. अर्ध्या तासाचं काम आहे काका."

काकूंना काहीतरी खटकलं असावं. त्या म्हणाल्या, "मंग दिवसभर त्याच्यापाशी कोण राहाते? बंद पडला, कोणाचा फोन आला, तं?"

"कोणीच नाई लागत काकू," प्रशांत हसला. "आपोआप चालते."

मामाजींनीही मान हलवली. "आपोआप!"

मी चहा घेऊन आले होते. ट्रे ठेवायला टीपॉयवर जागा नव्हती, म्हणून डब्ब्यावर ठेवला. प्रशांत "अगं, अगं" म्हणत अर्धवट उठला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "काका, खाली एक ओळ सुटली आहे नं? लिहा. घरी बसलेली सून, नग एक. आमची उद्यापासून अभ्यासिकेत जाणार आहे."