शिलाईचा घास

भिवंडीजवळ काल्हेरला, आमच्या इमारतीसमोरच्या गोदामाच्या सावलीत एक बाई गोधड्या शिवत बसायची. नाव कधी विचारलं नाही, मावशी म्हणायचे. टेप तिच्याकडे नव्हताच. ती वीत टाकायची, बोटं आडवी ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत हिशेब करायची.

आई गेल्यावर तिच्या जांभळ्या साडीचे काठ घरातल्या गोधडीला चारी बाजूंनी लावायचं मी ठरवलं. घरीच टेपने मोजून काठ कापले, अगदी गोधडीच्या मापाचे. उरलेली साडी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला.

मावशीने काठ गोधडीवर अंथरले, प्रत्येक कोपऱ्यावर दोन बोटं ठेवली आणि थांबली.

“पुरायचं न्हाय, बाय. शिलाय पन कापड खाते. तिचा घास आधी काढून ठेवायचा. उरलेली साडी हाय ना घरात?”

मी मान खाली घातली. आपल्या गाठोड्यातली हिरवी चिंधी काढून तिने चौथा कोपरा पुरा केला.

गोधडी पांघरताना तो कोपरा मी पायाकडे करते. डबा मात्र फडताळात समोरच आहे. त्यात काही भरायला अजून हात पुढे होत नाही.