सर आणि चपलांचं व्याकरण

माणसाला घराबाहेर काढण्याची इंग्रजीतली झाडून सगळी क्रियापदं तोंडपाठ असणारा, आणि त्यातलं एकही कुणावर न वापरलेला माणूस अख्ख्या घाटकोपरमध्ये एकच होता, आणि तो आमचा भाडेकरू होता.

समोरचा फ्लॅट आमचाच. त्यात ते एकटे राहायचे. जन्मभर क्लासमध्ये इंग्रजी शिकवलेलं, म्हणून बिल्डिंगभर सर. ‘गेट आउट’ची त्यांना शिसारी. शिळी भाजी ‘थ्रो आउट’, दंगेखोर ‘किक आउट’, आणि पाहुणा ‘सी आउट’, म्हणजे त्याला मानाने पोचवायला जायचं. एकदा आमच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला, तर सर झाडू उगारून ‘ड्राइव्ह आउट’ की ‘चेस आउट’ यावर अडले. बायको म्हणाली, “सर, उंदीर घाटकोपरचा आहे. नुसतं हाकला ना त्याला.” थ्रो आउट आणि सी आउट यांत फरक चपलांचा, असं ते सांगायचे. यजमानानेही चपला घातल्या तर सी आउट. उंबऱ्यातूनच निरोप दिला तर थ्रो आउट. ते स्वतः कुरियरवाल्यालाही गेटपर्यंत सोडायला जात. तो बिचारा घाईत पुढे, सर चपला ओढत मागे.

मुलाचं लग्न ठरलं आणि आम्हाला तो फ्लॅट हवासा झाला. ‘घर खाली करा’ हे मराठीत म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी इंग्रजीचा आडोसा घेतला. त्यांच्या दारात उभा राहून म्हणालो, “सर, तुम्हाला सी आउट करावं लागेल.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “थ्रो आउट म्हणायचंय तुला.”

मी दाराच्या कडीशी चाळा करत राहिलो.

“पण म्हणालास तेच राहू दे. चपला घालशील ना?”

घातल्या. चेंबूरला त्यांना खोली मिळाली होती. पुढे सामानाचा टेम्पो, मागे आमची रिक्षा. रस्ताभर मी पंख्याबद्दल, नळाबद्दल बोलत राहिलो. ते हूं हूं करत होते. खोकी लावून झाली, मी निघालो, तर सर वाकून चपला शोधू लागले. दारात काढलेल्या त्या कुठल्याशा खोक्याखाली गेलेल्या. राहू द्या म्हटलं, ऐकेनात. शेवटी एकच सापडली. ती घालून, दुसरा पाय अनवाणी, ते मला गेटपर्यंत सोडायला आले आणि रिक्षा वळेपर्यंत उभे राहिले.

एका चपलेचं सी आउट होतं की थ्रो आउट, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं.