माठातला चहा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात मी खोटा ठरतो.

अकोल्यात मे महिन्यात गरम चहा घशाखाली उतरत नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी तांब्याची लांब नळी वेटोळी करून पाण्याच्या माठात बसवली. वर नरसाळ्यातून उकळता चहा ओतला की खालच्या तोटीतून थंड चहा पडायचा. थोरली बहीण अंजनगावहून घरच्या म्हशीचं दूध घेऊन एसटीने आली होती. यंत्र पाहून म्हणाली, "बशीत ओतून फुकाले काय झालं होतं तुले?"

दुसऱ्या दिवशी व्याही आले. सगळ्यांनी चहाचं कौतुक केलं आणि संध्याकाळपर्यंत चौघांना उलट्या झाल्या. मी नळीत पाणी सोडून पाहिलं. आदल्या दिवशीच्या चहाची आंबलेली साय बाहेर आली. नळी धुवायचं मला सुचलंच नव्हतं. व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "दूध नासकं होतं."

बहीण शेजारीच उभी होती.

"माह्या दुधानं आजवर कोणाले काही झालं नाई, भाऊ," एवढंच म्हणाली आणि रिकामी बरणी घेऊन निघाली. पुन्हा तिने दूध आणलं नाही.

खूप उशिरा, खरं सांगायला म्हणूनच मी अंजनगावला गेलो. तिने बशीत चहा ओतून पुढे केला. "फुकून पी, बापा."

"दूध चांगलं आहे," मी म्हणालो.

"चांगलंच असते."

एसटीची वेळ झाली. त्या हिवाळ्यात ताई वारली. त्या दिवशीचंही दूध चांगलंच होतं ताई, चूक माझ्या नळीची होती, एवढंच सांगायचं होतं.