बंद घरांचा तक्ता

संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा मला वाटलं होतं, नगरमधले सगळे साहेब माझीच वाट बघत बसलेत. कसलं काय! एमआयडीसीतल्या कारखान्यांचे उंबरे झिजवले. एकाने विचारलं, संख्याशास्त्र म्हणजे अकाउंट्सच ना? दुसऱ्याला टायपिंग येणारी मुलगी हवी होती. तिसऱ्याने सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं आणि कळवतो म्हणाला. अजून कळवतोय.

शेवटी वसतिगृहाच्या बाईंनी शब्द टाकला आणि सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेत तात्पुरतं काम मिळालं. खेड्यांतून भरून आलेले फॉर्म कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि त्यांचे तक्ते काढायचे. कॉम्प्युटर एकच, त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळात जातात तसं. काम मला फार आवडलं. नुसता आकड्यांचा ढीग असतो आणि बघता बघता त्यात गाव दिसायला लागतं. संस्थेचे सर म्हणाले, पाथर्डी तालुक्यातल्या शाळकरी मुलांचा अहवाल नीट झाला की तुला कायम करतो. मग काय, मी हवेतच.

दसऱ्याला घरी, पाथर्डीतल्याच आमच्या गावी गेले तर आई-अण्णांची ऊसतोडीला निघायची तयारी चालली होती. दरवर्षी जायचे, ते थेट उन्हाळ्यात परत. आईने विचारलं, तुझं काम आहे तरी काय? मी समजावायला गेले, तर म्हणाली, माणसं मोजायची म्हणजे मुकादमासारखंच की. मुकादम टोळी धरतो ती जोडप्यांची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मी म्हटलं, तसलं नाही गं ते. ती हसली आणि भांडी पोत्यात भरायला लागली.

संक्रांत झाली आणि पाथर्डीचे फॉर्म आले. तक्ता काढला तर काय, बहुतेक सगळी पोरं शाळेत! सर खूश. मला मात्र ते पटेना. ही कुठली पाथर्डी म्हणायची? माझ्याबरोबरची निम्मी पोरं उसाच्या फडात वाढली. मग फॉर्म भरणाऱ्यांना गाठलं. ते म्हणाले, घर बंद दिसलं की शेजारचं घ्यायचं, तशी सूचनाच आहे. थंडीत आमच्याकडे दाराला कुलूप आणि पुढे बोराटीची फांदी म्हणजे माणसं कारखान्याला गेली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ऊसतोडीची सगळी बिऱ्हाडं पोरांसकट गेलेली असताना आमच्या संस्थेची माणसं मोजायला गेली होती. सर पुण्याचे, फॉर्म तयार करणारे त्याहून लांबचे, त्यांना कुठून माहीत असणार? तरी मला राग आला तो आलाच.

दोन दिवस मी तोंड मिटून काढले. हात दाखवून अवलक्षण कशाला? अहवाल गेला की नोकरी कायम, नाहीतर आहेतच पुन्हा ते उंबरे. ऑफिसात माझ्या घरचं कुणाला माहीतही नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण तो तक्ता डोळ्यांपुढून हलेना. शेवटी सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

सरांनी ऐकून घेतलं. चार बंद घरांनी काय फरक पडतो, म्हणाले, आणि मुदतही संपत आलीय. मग मी सांगूनच टाकलं.

"सर, त्या बंद घरांतलं एक घर आमचं आहे. आई-वडील ऊस तोडायला गेलेत. या तक्त्यात ते पाथर्डीत राहतच नाहीत."

सरांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मग चहा सांगितला. हा निरोपाचाच चहा, असं धरून मी तो घोटघोट प्यायले. पण त्यांनी विचारलं, लोक परत कधी येतात? म्हटलं, अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे. ते मुदत वाढवून मागणार होते. मात्र तोवर तुला पगार देता येणार नाही, आणि कायम करायचं माझ्या हातात राहील असं वाटत नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. सांगताना त्यांचंच तोंड एवढंसं झालं होतं. मी हो म्हटलं आणि वसतिगृहावर येऊन पोटभर रडले.

मधले महिने शिकवण्यांवर काढले. उन्हाळ्यात सरांनी निरोप पाठवला आणि आम्ही जीपने पुन्हा तीच गावं घेतली. या खेपेला दारं उघडी होती. आमच्या दाराशी मी मागे थांबले, कारण आपल्याच घराचा फॉर्म आपण भरायचा नाही असा नियम. बरोबरच्या मुलाने प्रश्न वाचला: घरात कमावणारी माणसं किती?

आईने त्याच्याकडे बघितलंच नाही. फडात चिरलेला हात पदरात धरून तिने मला विचारलं, "मुकादमाकडं आमी दोघं मिळून एक कोयता. तुज्याकडं किती?"

"दोन," मी म्हटलं.

"मंग लिव," ती त्या मुलाला म्हणाली, आणि तो लिहीपर्यंत तिथेच उभी राहिली.