ओळख झाली की 'द'

आमच्या आणि जोशीबाईंच्या अंगणांमधली भिंत माझ्या खांद्याएवढी आहे. त्यामुळं किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. मी आपली कपडे वाळत घालते. आता एक पातळ वाळत घालायला अर्धा तास लागतो, त्याला मी काय करू? तेवढ्या वेळात दोन-तीन किस्से आपोआप साठतात!

जोशीबाई शाळेतनं रिटायर झाल्या आणि त्यांनी दुपारी चार वाजता अंगणात इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढला. विद्यार्थी मोजून दोन. एक कोडोलीचे तानाजीमामा. त्यांचं गुऱ्हाळ आहे, आणि गूळ कसा करतात ते बघायला हल्ली तिथं परदेशी पाव्हणे येतात. दुसरी आमच्या गल्लीतली विमल, दारात दोन म्हशी असलेली. तिची प्राजक्ता आयर्लंडला नोकरीला गेली आणि तिथलाच मुलगा पसंत केला. लग्नाआधी त्याची आई, मार्गारेट, प्राजक्ताबरोबर कोल्हापूरला घर बघायला येणार होती. विमलचं म्हणणं एकच, "विहिणीसंगं माझी मी बोलणार. मधी कोण नगं. लेकबी नगं!"

तिसरी विद्यार्थिनी मी. पण मी भिंतीच्या अलीकडं, म्हणून हजेरीत नाव नाही.

०००

पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर 'अ' आणि 'द' काढलं.

"अगदी सोपं आहे," बाई म्हणाल्या. "ओळख नसेल तर अ. ओळख झाली की द. समजा, घरी एक माणूस आला. कोण ते माहीत नाही. अ मॅन. मग तोच माणूस चहा प्यायला. आता द मॅन."

तानाजीमामांनी हात वर केला. "बाई, कोण ते म्हाईत न्हाय, आन् त्येला चहा दिला?"

"अहो, उदाहरण आहे."

"असू दे की उदाहरण! पर इचारायचं न्हाय व्हय, पावणं कुठलं? मलकापूरकडलं का राधानगरीकडलं? कुणाच्यात आलाय?"

"चहाला आधण येईस्तवर त्येची मावशीसुदीक वळखीची निघती," विमल म्हणाली. "मग बाई, ह्यो अ लावायचा कवा?"

बाई फळ्याकडं वळून 'अ' आणखी ठळक करायला लागल्या. मला राहवेना. "बाई, त्यांचं बरोबर आहे हो!" मी भिंतीवरनं म्हटलं.

"मंगलताई," बाई वळून न बघता म्हणाल्या, "तुमचं पातळ वाळलं!"

०००

दुसऱ्या दिवशी होमवर्क. अ लावून पाच वाक्यं. मामांनी पाचही ठिकाणी द लावून आणला.

"मामा, अ डॉग लिहायचं होतं."

"कुत्रं आमचंच हाय बाई. मोत्या."

"तुमचं नाही. रस्त्यावरचं, कुठलं तरी."

"रस्त्यावरचं बी वळखीचंच हाय. पाण्याच्या टाकीखाली बसतंय."

बाई हट्टाला पेटल्या. "कोडोलीतलं नकोच! मुंबईच्या रस्त्यावरचं घ्या. कधी गेला होता का मुंबईला?"

"गेलतो की. एक मागं लागलतं."

"हां! तेच! ते कुठलं, कुणाचं, तुम्हाला काही माहीत नाही. मग त्याला काय लावायचं?"

मामांनी बराच विचार केला. "द."

"का पण?"

"चावलंय की मला! आता ह्याच्यापरास आनी काय वळख पायजे?"

०००

एकदा बाईंनी विमलला घरच्यांची ओळख करून द्यायला सांगितलं. विहीण आली की पहिलं तेच करायचं होतं. विमल नवऱ्याचं नाव घेत नाही. घ्यायचं झालंच तर उखाण्यात, आणि इंग्रजी उखाणा अजून शिकवायचा होता. नेमके तेच, दत्ताभाऊ, दुधाची किटली घेऊन फाटकात उभे. विमलनं पदर सावरला, त्यांच्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "ही इज अ हजबंड!"

"अ म्हंजे?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"म्हंजे कुठला तरी. वळख नसलेला," मामांनी लगेच अर्थ पुरवला.

दत्ताभाऊंनी किटली खाली ठेवली. "तीस वर्सं झाली लग्नाला! आजून वळख न्हाय व्हय?"

"आधी वैरण टाकून या," विमल म्हणाली. "मग बघू द लावायचं!"

०००

पण एक दिवस विमल क्लासच्या वेळेआधीच आली. हाताला दुधाचा वास, चेहरा उतरलेला. मी दोरीवर काही न घालताच भिंतीशी गेले.

विहिणीचा व्हिडिओ कॉल आला होता. ती हसत हसत म्हणाली, "वी आर गेटिंग अ डॉटर!"

"अ डॉटर म्हनाली, बाई! माझी एकुलती एक. तिला अ लावला!"

बाईंनी पुष्कळ समजावलं. तिकडं असंच म्हणतात, ते प्रेमानंच म्हटलंय, 'आम्हाला लेक मिळाली' असा त्याचा अर्थ, यात काही कमी-जास्त नाही. विमल सगळं ऐकून घेत होती.

"तुमचं बरुबर आसंल, बाई," ती शेवटी म्हणाली. "पर माझी पोरगी तिथं एवढ्या लांब ऱ्हानार. तिला कुठली तरी म्हनून ठेवली तर मला हितं घास जाईल का?"

त्या दिवशी मामासुद्धा टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. बाईंनी अख्खा फळा पुसला आणि त्यावर एकच ओळ लिहिली. 'शी इज द डॉटर. द ओन्ली वन.'

पंधरा दिवस विमल ती ओळ म्हशींना म्हणून दाखवत होती. धार काढताना, शेण काढताना, वैरण टाकताना. दत्ताभाऊ मला सांगत होते, "वहिनी, आता काळ्या म्हशीला थांबवाय गेलं तर तिला मराठी कळंना झालंय!"

०००

आणि मग विहीण आली. विमलनं क्लासला जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं, तेही पुढच्या दारानं!

मार्गारेट उंच, गोरीपान, गालांवर ठिपके. दारात हात जोडून उभी राहिली. मामा पुढं झाले. "वेलकम! यू आर द पावणं!" बाईंनी डोळे मिटून घेतले.

पानं वाढली. विमलनं विहिणीसमोर वाटी ठेवली. "धिस इज अ तांबडा रस्सा," ती म्हणाली. विहिणीनं रस्सा कधी बघितलेला नाही, ओळख नाही, म्हणून अ. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा अ जागेवर पडला होता! बाईंनी माझा हात गच्च दाबला.

"आई, तिखट कमी केलंयस ना?" प्राजक्तानं विचारलं.

"केलंय की. चटणी निम्मीच घातलीया."

मामांनी वाटी तोंडाला लावली. ते बघून मार्गारेटनंही लावली, आणि एका दमात संपवली.

विमलला आता दम निघेना. पंधरा दिवस ओठावर धरलेलं होतं. ती विहिणीसमोर मांडी घालून बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "शी इज द डॉटर. द ओन्ली वन."

विहीण तिच्याकडं बघत राहिली. आधी नाकाचा शेंडा लाल झाला. मग डोळे. मग घळाघळा पाणी! तिला बोलता येईना, नुसती मान हलवत होती. ते बघून विमलचा बांध फुटला. मीही पदर डोळ्यांना लावला. दत्ताभाऊ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. बाई चष्मा पुसायला लागल्या.

तेवढ्यात विहिणीच्या तोंडातनं शब्द फुटला.

"वॉटर!"

मामा ताडकन उठले. "बाई! बाई! तिनं अ बी लावला न्हाय, आन् द बी लावला न्हाय!"

दोन तांबे पाणी आणि एक वाटी दही पोटात गेलं, तेव्हा कुठं विहिणीला श्वास आला. आम्ही सगळे पानात बघत बसलो. विमल एवढीशी झाली होती. "त्या तिखटात माझं काय बी पोचलं नसनार," ती पुटपुटली.

"आई, थांब, मी सांगते तिला," प्राजक्ता म्हणाली.

"तू मधी येऊ नगंस!"

विहिणीनं नाक पुसलं. प्राजक्ताला मनगटाला धरून शेजारी खाली बसवलं. दुसरा हात विमलच्या हातावर ठेवला.

"द डॉटर," ती म्हणाली.

मग तिनं रिकामी वाटी पुढं सरकवली.

"अँड द तांबडा, प्लीज."