मधला तुकडा

ओव्हनमध्ये चीज वितळल्याचा वास आला की मला गारखेड्यातल्या जुन्या फ्लॅटचा ओटा आठवतो. नवऱ्याचे साहेब बायकोला घेऊन जेवायला येणार होते आणि त्यांना उग्र वासाचं काही चालत नाही, असं कळलं होतं. बटाट्यांवर घालून भाजायला मी तीन तऱ्हेचं चीज आणलं, पण चाखून बघितलं तर मला तिन्ही सारखीच लागली. आई तेव्हा करमाडहून आलेली. जन्मभर म्हशी सांभाळल्या, चीज मात्र पहिल्यांदाच बघत होती. एकेक तुकडा जिभेवर ठेवून ती डोळे मिटून थांबली आणि मधल्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे घे. ह्याला अजून दुधाची चव हाय. बाकीची दोन तापली की लई उग्र लागतील." जेवताना साहेबांच्या बायकोनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि विचारलं, "इतकं सौम्य चीज कुणी निवडलं?" मी पटकन म्हणाले, "मीच." मान वळवली तर आई गरम पोळ्या घेऊन दारात उभी. तिनं शांतपणे पोळी वाढली आणि पाहुण्यांना म्हणाली, "व्हय, तिला लहानपणापासून दुधाची पारख हाय." त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि ती असेपर्यंत माझीही जीभ उचलली नाही. आजही मी पाकिटावरचं नाव वाचून तेच चीज आणते. चाखून मला अजून काही कळत नाही.