एक बाद मत

माझा स्वभाव मुळातच संशयी. त्यात तीस वर्षं मास्तरकी केली, म्हणजे संशय घेण्याचाच पगार मिळत गेला. पोरगं पाणी प्यायला काहून उठलं, कुणाच्या बाहीत कागद आहे, कुणाचं पोट खरंच दुखून राहिलं, हे मी बसल्या जागी ओळखायचो. घरी बायको म्हणायची, "आरतीचा कापूर जळाला तरी तुमाला वाटतं, कुणीतरी मुद्दाम जाळला."

पालिकेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत शिक्षण मंडळाचा सदस्य झालो. नव्वदीची वर्षं होती. आमचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं, हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता. पालिकेच्या शाळा हे मंडळ चालवायचं. मास्तरांच्या नेमणुका, बदल्या, छपरांचे पत्रे, खडू, सगळं त्याच्या हातात. नऊ सदस्य, आणि त्यांनी आपल्यातूनच एक सभापती निवडायचा. मला सभापती व्हायचं होतं. खोटं कशाला बोलू, फार व्हायचं होतं. जन्मभर त्या खुर्चीपुढं उभं राहून गळक्या वर्गासाठी पत्रे मागितले होते. एकदा तिच्यात बसून द्यायचे होते.

आमच्या बाजूचे पाच, समोरचे चार. पाचांत एक मी, आणि एक आमच्याच शाळेतले गणिताचे मास्तर, माझ्यासोबतच निवृत्त झालेले. माणूस आखाडा बाळापूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मेंढरांच्या वाड्यावर कंदिलाशी बसून शिकलेला. वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्यांची धाकटी लेक मला काका म्हणायची आणि माझ्या खिशातला पेन बिनदिक्कत काढून घ्यायची.

मतदानाआधी चार दिवस आम्हा पाचांना एका सदस्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोलीवर, नेऊन ठेवलं. आमच्याकडं तशी रीतच. समोरच्यांनी फोडू नये म्हणून आपली माणसं आपणच कोंडून ठेवायची. नरसीच्या रस्त्याला हळदीच्या वावरात पत्र्याची खोली, दोन वेळ जेवण, पत्त्यांचा डाव. परसाकडं जायचं तरी जोडीनं जायचं! एकजण झाडाआड बसला की दुसरा पाठ करून उभा. पिकल्या केसांची माणसं आम्ही, पण कुणाला लाज वाटली नाही. मी तर कोण कुणाच्या जोडीनं जातो, तेही ध्यानात ठेवून राहिलो होतो.

शेवटच्या दिवशी खंडोबाच्या ठाण्यापुढं सगळ्यांनी बेल-भंडार उचलला. भंडार हातात घेऊन बोललेला शब्द मोडायचा नाही, मोडला तर देव बघून घेतो. गणिताच्या मास्तरांनी भंडार कपाळाला लावला आणि म्हणाले, "गुरुजी, माझं मत तुमाला." एवढंच. बाकीच्यांनी लांबलांब शपथा घेतल्या, तेव्हा मला वाटलं, हे एवढं कमी काहून बोलले?

मतदान पालिकेच्या सभागृहात झालं. बाहेरगावचे एक अधिकारी आले होते, मदतीला पालिकेचा बाबू. ते उभं राहून मत कसं द्यायचं ते समजावून सांगत होते. माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी चार तोंडं वाचत होतो. हा घाम काहून पुसतो, तो समोरच्यांकडं बघून काहून हसला. एकेकजण पडद्याआड जाऊन चिठ्ठीवर खूण करून आला, मीही आलो.

मोजणी झाली. मला चार, समोरच्याला चार, एक मत बाद.

सभागृहात कुजबुज झाली. अधिकारी म्हणाले, बाद मत बघायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एकेकानं या. मी कसला जातोय! हेडमास्तरानं टेबलावर वाकून चिठ्ठ्या बघत बसायचं काय? मी ताठ बसून राहिलो. गणिताचे मास्तर गेले. त्यांनी चिठ्ठी बघितली, पालिकेच्या बाबूकडं बघितलं, मग परत आले. तोंड पांढरं पडलेलं. मी विचारलं, "कुणाचं हाय?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ओळखू येत न्हाई. खाडाखोड हाय. चला, घरी जाऊ."

बरोबरीमुळं दोन नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. शिपायानं एक उचलली, ती समोरच्याची निघाली. माझी खुर्ची गेली.

घरी येऊन मी पाचांची उजळणी केली. मी स्वतः सोडून राहिले चार. तिघं बाहेर येऊन माझ्याइतकेच शिव्या घालत होते. चौथा नजर चुकवत होता. तीस वर्षं मी नजर चुकवणारी पोरं पकडलेली. पुरावा आणखी काय पाहिजे? मुद्दाम खाडाखोड केली, मत समोरच्यालाही दिलं नाही आणि मलाही नाही, म्हणजे देवही फसला आणि मीही. गणिताचं डोकं!

दुसऱ्या दिवशी बाजारात, हळदीच्या अडतीपुढं, चार माणसांत मी त्यांना गाठलं. म्हणालो, "मास्तर, भंडार उचलून पलटलात. मेंढरामागं हिंडणाऱ्याच्या घरात आणखी काय शिकवणार म्हणा!" हे वाक्य मी बोललो. ते नुसतं म्हणाले, "गुरुजी, तुमी दमलाव. घरी जा." पुढं महिनाभरात त्यांनी मंडळाचा राजीनामा दिला. मी म्हटलं, खाई त्याला खवखवे.

बायको मात्र मानायला तयार नव्हती. "त्यांनी तसं केलं न्हाई. वीस वर्षं जेवलाव संगं, आन् एका कागदापायी..." मी म्हणालो, तुला राजकारण कळत नाही. ती म्हणाली, "मला माणूस कळतो." मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

पुढं हिंगोली जिल्हा झाला. मी पालिकेत निवडून आलो आणि त्या मतदानानंतर सहा वर्षांनी अखेर ती खुर्ची मिळाली. पत्रेही दिले. आणि त्याच साली शिक्षणसेवकांची भरती निघाली. मुलाखतीला गणिताच्या मास्तरांची धाकटी लेक आली. डीएड झालेली, लेखी गुण सगळ्यांत जास्त. वयाच्या अटीत बसायची तिची ती शेवटचीच भरती. आत आली, मला बघून क्षणभर हसली, मग सावरून "नमस्कार सर" म्हणाली. काका नाही म्हणाली. मला तेवढंच पुरलं. म्हटलं, बापानं पढवून पाठवलीय. तिनं फळ्यावर अपूर्णांक असा शिकवला, की मागच्या बाकावरच्या ढ पोरालाही कळावा. शेजारचे सदस्य माझ्या कानात म्हणाले, "बेस हाय पोरगी." मी तिला मुलाखतीचे सगळ्यांत कमी गुण दिले. माझ्यामागं बाकीच्यांनीही हात आखडला. तिची नेमणूक राहिली. मी समाधानानं घरी आलो आणि पोटभर जेवलो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वसमतच्या बसस्टँडवर पालिकेचा तो जुना बाबू भेटला. तोही आता निवृत्त. गाडीला वेळ होता, म्हणून जुन्या गोष्टी निघाल्या. बाबू हसत म्हणाला, "गुरुजी, पयल्याच टायमाला सभापती झाले असते की तुमी. चिठ्ठीवर सही काहून केली हो?"

मी म्हणालो, "कसली सही?"

"फुलीच्या खाली. साहेब घसा फोडून सांगून राहिले होते, फुलीशिवाय काही लिहू नका, लिहिलं तर मत बाद. आन् तुमी खाली झोकदार सही ठोकली, तपासलेल्या पेपरावर ठोकायचे तशी. साहेबाला काय ती वाचता आली न्हाई, समोरच्यालाबी न्हाई. पण मी तुमची पगारपत्रकं बघितलेली, मी बराबर ओळखली. आन् तुमच्या त्या मास्तरांनी. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, हेडमास्तराला मत टाकता आलं न्हाई म्हणून गाव जन्मभर हसंल, हे तुझ्या-माझ्यातच ऱ्हाऊ दे." मग माझ्या तोंडाकडं बघून तो चपापला. "तुमाला ठाऊक न्हवतं व्हय?"

माझी गाडी आली आणि गेली. मी बाकावरून उठलो नाही. माझाच हात! चार माणसांची तोंडं वाचत बसलो, आणि आपला हात काय करून राहिला हे बघितलं नाही. आठ वर्षं त्या माणसाला पाण्यात पाहिलं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर सुटले असते, मी मात्र गावभर हसं झालो असतो. म्हणून त्यांनी तो टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर त्यांची लेक शाळेच्या वह्या तपासत बसली होती. कुठल्याशा विनाअनुदानित शाळेत जायची, पगार कधी मिळायचा, कधी नाही. मास्तर लगबगीनं उठले. "या गुरुजी, या. पोरी, खुर्ची दे." जणू मी कालच येऊन गेलो होतो.

मी सहीचं सांगितलं, हात जोडले. ते हसले. "जाऊ द्या हो. मला वाटलं होतं चार दिसांनी तुमचा राग जाईल. जरा लांबला एवढंच." मग लेकीकडं मान वळवून म्हणाले, "हिलाबी मी हेच सांगितलं. मुलाखतीहून आली तवा लई रडली. म्हणली, काकांनी डाव धरला. मी रागावलो तिला. म्हणलं, गुरुजी माझ्यावर चिडतील, पण फळ्यापुढं उभ्या लेकरावर अन्याय करायचे न्हाईत. तुझंच काहीतरी चुकलं असंल."

तेव्हा गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. कुणाला कळलं नसतं. पण पोरीचा हात वहीवर थांबला होता, लाल पेन तसाच धरलेला.

मी म्हणालो, "मास्तर, तिचं काही चुकलं न्हवतं. सगळ्यांत चांगलं तिनंच शिकवलं. मी मुद्दाम पाडली तिला."

पोरगी बोलली, माझ्याशी नाही, बापाशी. "बाबा, ऐकलंत? माझं काही चुकलं न्हवतं." वह्यांचा गठ्ठा उचलून ती आत गेली.

मास्तर दाराकडं बघत राहिले. आठ वर्षं माझं सगळं ऐकून घेतलेला तो माणूस, माझ्याकडं न बघता म्हणाला, "गुरुजी, आता तुमी जा."